भावाच्या गाडीचे डिफरन्शियल परस्पर बदलल्याबाबत

जबाब देणार : गॅरेजवाली अक्का या नावाने परिसरात ओळख, वय ४६ वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार चढाच्या रस्त्यावरील गॅरेजच्या मागील दोन खोल्या. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याशी नाते : पत्नी.

मी आज ठाण्यात स्वतःच्या पायाने आले असून कोणी शिकवून पाठवलेले नाही. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पतीसोबत राहते. आम्हाला एक मुलगी असून ती शिक्षणासाठी बाहेरगावी असते. गॅरेजच्या पाटीवर पतीचे नाव आहे, परंतु काम दोघे करतो. आमच्याकडे जुन्या लहान मोटारी येतात, ज्यांचे इंजिन पुढे असते आणि जोर मागच्या चाकांना जातो. असल्या गाड्या आता हौसेखातरच ठेवतात. पती स्वतः तशी एक गाडी बाळगून आहेत आणि ती घेऊन घाटचढाईच्या शर्यतीत उतरतात. मागील शर्यतीत त्यांना चषक मिळाला. तो घरात टीव्हीवर ठेवलेला आहे. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

माझा धाकटा भाऊ शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे. त्याच्याकडे आमच्या वडिलांची मोटार आहे. ती आणि पतीची मोटार एकाच जातीच्या, फक्त वडिलांच्या गाडीचे इंजिन लहान व पतीच्या गाडीचे मोठे. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, मागचा आससुद्धा सारखाच दिसतो. सगळी मेख तिथेच आहे.

डिफरन्शियल म्हणजे काय असे हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, मागच्या दोन चाकांच्या मधोमध आसाला जो फुगीर गोळा दिसतो, त्याच्या आत एक मोठे दातेरी कडे आणि एक लहान पिनियन असते. इंजिनाकडून आलेला लांब दांडा पिनियन फिरवतो, पिनियन कडे फिरवते आणि कडे चाके फिरवते. कारखान्याने लहान इंजिनाच्या गाडीला आठ दातांचे पिनियन व पस्तीस दातांचे कडे दिले. त्याने वेग कमी मिळतो, पण चढावर गाडी बकरीसारखी चढते. मोठ्या इंजिनाला अकरा व एकोणचाळीस दात दिले. ते सपाट रस्त्याला चांगले. दोन्ही गोळे एकमेकांच्या जागी बिनबोभाट बसतात, कुठे ठोकावे लागत नाही की घासावे लागत नाही. शर्यतवाल्यांना मोठे इंजिन आणि चढाचा गोळा असे दोन्ही हवे असते. म्हणून भंगारातले चढाचे गोळे कधीच संपले. आता शोधूनही मिळत नाहीत.

भावाने मागच्या ब्रेकचे लायनर बदलण्यासाठी गाडी आमच्या गॅरेजमध्ये आणली होती. त्या आठवड्यात मी मुलीकडे गेले होते. परत आले तेव्हा गाडी तयार होती. भाऊ गाडी नेताना म्हणाला, "भावोजी, गाडी एकदम शांत चालते की आता!" पती म्हणाले, "तेल बदललंय ना." भावाने वाकून नमस्कार करायचे तेवढे बाकी ठेवले.

त्यानंतर नदीकडच्या उतारावर, जिथे चाळीसच्या वर जायचे नाही अशी पाटी आहे, त्या वळणावर भावाची गाडी घसरून एका सायकलस्वारास धडकली. सायकलस्वार हे निवृत्त पोस्टमन असून त्यांचे खुब्याचे हाड मोडले आहे. भावाने त्यांना स्वतः उचलून दवाखान्यात नेले. त्याने पहिल्या दिवसापासून एकच सांगितले, की काटा चाळीसवर होता. ठाण्याच्या साहेबांनी रस्त्यावरचे टायरचे वळ मोजून गाडी पन्नासच्या आसपास असल्याचे लिहिले. ते बरोबर लिहिले आहे. तपासणी अधिकाऱ्यांनी ब्रेक, स्टिअरिंग व टायर पाहून गाडीत दोष नाही असे लिहिले. त्यांचीही चूक नाही. गोळा जागेवर होता, फिरत होता. कोणाचा गोळा आहे हे त्यांनी कशाला पाहावे?

मात्र त्या दिवसापासून माझा भाऊ खोटारडा ठरला. शाळेने त्याला बसवर येऊ नको सांगितले. ज्या आया सकाळी त्याच्या हातात पोरे सोपवून निर्धास्त घरी जात, त्याच आता त्याला पाहून रस्ता ओलांडतात. गुन्हा शाबीत झाला तर ड्रायव्हरचा बिल्ला जाईल आणि दुसरे कोणते काम त्याला येत नाही. तो दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा पोस्टमनकाका म्हणाले, "हाड मोडलं ते मोडलं रे बाबा, वय झालंय, मोडायचंच होतं कधीतरी. पण तोंडावर खोटं का बोलतोस?" भाऊ तिथून आला तो माझ्या स्वयंपाकघरात खाली बसला. मला म्हणाला, "अक्का, मलाच वाटायला लागलंय की मी खोटं बोलतोय. काटा मी बघितला होता की नव्हता, आता आठवतच नाही." माझ्या भावाला उभ्या जन्मात खोटे बोलता आलेले नाही. लहानपणी साखर खाऊन यायचा आणि आईने विचारायच्या आधी स्वतःच सांगायचा.

त्या वेळी पती तिथेच जेवत होते. ते म्हणाले, "अरे, गाडी चालवताना काट्याकडे कोण बघत बसतं? कबूल करून टाक, वेग जास्त होता म्हणून. सुटशील." एवढे बोलून त्यांनी भाजी मागितली. मी वाढली. हे मी मुद्दाम लिहून घेण्यास सांगत आहे, की मी वाढली.

अपघाताची गाडी भावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये परत आली. भाऊ तिला हात लावेना. पुढचा वाकलेला पत्रा सरळ करण्यासाठी काल सकाळी मी ती स्वतः चालवत आमच्या गॅरेजकडे निघाले. आमच्या रस्त्याचा चढ ही गाडी वडिलांच्या काळापासून तिसऱ्या गिअरमध्ये गात गात चढते. काल ती निम्म्यात धापा टाकायला लागली. दुसरा गिअर टाकावा लागला. इंजिन ठणठणीत होते. मी चढाच्या मध्यावर गाडी थांबवली व तशीच मागे घेऊन पुन्हा भावाच्या शेडमध्ये आणली. संशय मला तेव्हाच आला होता. पण संशयावर जबाब लिहिता येत नाही, म्हणून मी मोजले.

मोजण्याची रीत अशी. गाडी न्यूट्रलला टाकायची, एक मागचे चाक जमिनीवर ठेवून दुसरे जॅकवर उचलायचे. चाकावर व दांड्यावर खडूने खूण करायची. उचललेले चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि दांडा किती फिरला ते मोजायचे. दोन फेरे एवढ्यासाठी, की दुसरे चाक जमिनीला टेकलेले असताना एका फेऱ्याला दांडा अर्धेच फिरतो. नवखे लोक इथे फसतात, एकच फेरा फिरवतात व भलताच गोळा घरी घेऊन जातात. याला दोन माणसे लागतात, एक चाकाशी व एक गाडीखाली. ही रीत मला पतीनेच शिकवली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी इतर जोडपी बागेत जायची, आम्ही भंगारवाल्याकडे जायचो. मी चाक फिरवायची, ते खालून ओरडून आकडा सांगायचे. त्या वर्षाइतकी मी कधी हसले नाही.

काल भावाने चाक फिरवले व मी खाली झोपले. चढाचा गोळा असता तर दांडा चार फेरे पूर्ण करून पाचव्यात एक तृतीयांशाच्या पुढे गेला असता. तो साडेतीनला थांबला. मी भावाला पुन्हा फिरवायला सांगितले. पुन्हा साडेतीन. तिसऱ्यांदाही साडेतीन. भाऊ वरून विचारत होता, "किती आलं अक्का? बरोबर आलं ना?" मी वर पाहत होते. संपूर्ण आसावर वर्षांची काळी चिकट माती होती. फक्त गोळ्याचे आठ नट लख्ख होते आणि त्यांच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. ब्रेकचे लायनर बदलायला त्या आठ नटांना कोणी हात लावत नाही.

भावाला मी एवढेच सांगितले, की तू खोटे बोललेला नाहीस. काटा गिअरबॉक्सकडून चालतो, चाकाकडून नाही. मागे सपाटीचा गोळा बसवला की चाके जास्त फिरतात, पण काट्याला त्याचा पत्ता नसतो. काटा चाळीस दाखवतो तेव्हा गाडी पन्नासला टेकलेली असते. साहेबांनी मोजलेला आकडा खरा व माझ्या भावाने पाहिलेला आकडाही खरा. हे ऐकून भाऊ शेडमध्ये गाडीच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी रडले नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये गेले. पती नट-बोल्ट आणायला बाजारात गेले होते. त्यांची गाडी मी एकटीने उचलली व चाक थोडे फिरवून दर वेळी खाली वाकून खूण बघत त्याच रीतीने मोजले. दांडा चार फेऱ्यांच्या पुढे, पाचव्यात तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. तेव्हा चषक कोणाच्या गोळ्यावर आला हे मला कळले.

पती परत आले तेव्हा गाडी जॅकवरच होती. आमचे बोलणे झाले ते आठवते तसे सांगते. ते म्हणाले, "माझ्या गाडीखाली जायला तुला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, "माझ्या बापाच्या गाडीखाली जायला तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यावर ते म्हणाले, "अगं, त्याला कुठे शर्यत मारायचीय? रविवारी बायकोला घेऊन सपाट रस्त्यानं हिंडतो. त्याच्याकडे तो गोळा नुसता सडत होता. माझ्याकडे चीज झालं त्याचं. आणि मोसम संपला की परत बसवणारच होतो." मी विचारले, "त्याला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर बापाची आठवण म्हणून गळा काढला असता तुम्ही दोघांनी."

मी विचारले, "आणि मीटरची चकती?"  त्यावर ते म्हणाले, "राहून गेली. विसरलो."

मीटरची चकती म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगते की, गिअरबॉक्सच्या शेपटाला एक प्लास्टिकची लहान दातेरी चकती असते. काटा तिच्यावर चालतो. गोळा बदलला की चकती बदलायची, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दहा मिनिटांचे काम आहे. पतीने आपल्या गाडीची चकती बदलली आहे. नवी चकती त्यांनी टपालाने मागवली होती. ते पुडके मी माझ्या हाताने घेतले होते आणि कसले म्हणून विचारले तेव्हा "काटा जरा चुकतो" असे ते म्हणाले होते. भावाची गाडी ब्रेकसाठी आली त्याच्या आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा त्यांचा काटा चुकत नव्हता. म्हणजे गोळा घ्यायचे आधीच ठरले होते, भाऊ फक्त ब्रेकचे निमित्त घेऊन यायचा बाकी होता.

त्यांच्या गाडीतून निघालेली जुनी चकती फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात पडलेली मला सापडली. ती सपाटीच्या गोळ्याची चकती आहे. म्हणजे भावाच्या गाडीला जी लागायची नेमकी तीच. ती त्यांच्या हातात होती. हातातून त्यांनी ती डब्यात टाकली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, तसे आपला तो काटा खरा असला पाहिजे आणि मेव्हण्याचा काटा काय वाटेल ते बोलो. ती चकती मी रुमालात बांधून आणली असून हवालदारांकडे दिली आहे.

मी पतीला विचारले, की भाऊ आपल्या स्वयंपाकघरात बसून काटा चाळीसवर होता म्हणून सांगत होता, तेव्हा तुम्हाला घास कसा गिळवला? ते म्हणाले, "ओरडू नकोस, शेजारी ऐकतात. उद्या दुपारपर्यंत दोन्ही गोळे होते तिथे बसवतो. झाकली मूठ. कोणाला काही कळायचं नाही." मी म्हणाले, "मग त्याच्याकडे सांगायला काय उरलं?" ते म्हणाले, "बिल्ला गेला तर गेला. माझ्या हाताखाली घेतो की त्याला गॅरेजमध्ये. उपाशी मरू देईन का तुझ्या भावाला?"

हे ते दयाळूपणे म्हणाले. मी त्यांच्यासोबत बावीस वर्षे संसार केला आहे, त्यांचा दयाळूपणाचा आवाज मला ओळखता येतो. जॅकचा दांडा माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला व गॅरेजबाहेर पडले.

तिथून मी भावाकडे गेले आणि शेडला कुलूप घातले. भावाला सगळे सांगितल्यावर त्याने जे केले त्याने माझा अधिकच संताप झाला. तो म्हणाला, "अक्का, जाऊ दे. मी लिहून देतो वेगात होतो म्हणून. माझं काय, कुठेही हमाली करीन. तुझं घर मोडायला नको." मी त्याला म्हणाले, "माझं घर कुणी मोडलं ते मी बघते. तू काहीएक लिहून द्यायचं नाहीस. दिलंस तर मला बहीण म्हणू नकोस." भाऊ आत्ता शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेला आहे. शेडची किल्ली मी आणली आहे. पतीच्या गाडीची किल्लीही आणली आहे, पण त्यांना गाडी हलवायला किल्ली लागत नाही. म्हणून माझी विनंती आहे, की दोन्ही गाड्या पंचांसमक्ष आजच ताब्यात घ्याव्यात. गोळे उघडले की कड्यांवर दातांचे आकडे कोरलेले दिसतील. ते मोजून घ्यावेत, माझ्या शब्दावर जाऊ नये.

मी ठाण्यात आले तेव्हा सुरुवातीला मला बाकावर बसवून पाणी देण्यात आले आणि नवराबायकोचे भांडण घरी मिटवा असे सांगण्यात आले. नंतर विचारण्यात आले, की चोरीला गेले काय? गोळा तर जागेवर आहे. मी हवालदारांना म्हणाले, "साहेब, तुमचा चष्मा मी उचलला आणि त्या जागी माझा ठेवला, तर चष्मा आहे असं म्हणाल का? आणि तो घालून तुम्ही कुणाला धडकलात, तर दोष कुणाचा?" त्यावर हवालदारांनी चष्मा काढून पुसला व कागद पुढे ओढला.

पतीविरुद्ध पूर्वीचे वैर आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. ते व्यसनी नाहीत. त्यांनी मला कधी हात लावलेला नाही. कामात त्यांचा हात धरणारा या भागात नाही. म्हणूनच हे त्यांच्या हातून नकळत झाले असे मी म्हणू शकत नाही. दुसऱ्या कोणा अडाण्याने केले असते, तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते.

जबाब परत घेण्याचा विचार आहे का, असे दोनदा विचारण्यात आले. दोन्ही वेळा नाही असे सांगितले. पोस्टमनकाकांना दवाखान्यात जाऊन हे कोणीतरी सांगावे, एवढे मात्र मला वाटते. ते माझ्या भावाने सांगून पटणार नाही, मी सांगूनही नाही. गणवेश घातलेल्या माणसाने सांगावे.

वरील सर्व मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'मीटरची चकती बदलण्याचे पतीकडून नजरचुकीने राहून गेले' असे एक वाक्य होते. ते मी सांगितलेले नाही. हवालदार म्हणाले, "अक्का, तेवढा एक शब्द राहू द्या. उद्या त्याच घरात राहायचंय तुम्हाला." मी तो शब्द माझ्यासमोर खोडायला लावला. त्या जागी 'माहीत असून बदलली नाही' असे लिहून घेतले आणि खाडाखोडीशेजारी सही केली. आता जबाब मी सांगितल्याप्रमाणे आहे.